पायडलवरचा पाय

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी मिळून एका लाकडी बैलाचं पोट घासलं. मी बैल धरला होता अन् ती समोर तिपाईवर बसून पायडल दाबत होती. रूळ फिरत होता, वर येत होता, खाली जात होता, अन् शिवणीच्या लाकडाचा भुसा दोघांच्याही अंगावर बसत होता. पोटाची एक बाजू झाली, दुसरी धरली, तोच करंट गेला. रूळ घरघर करत थांबला.

"घ्या. गेला तुमचा करंट," ती म्हणाली.

"पोट तेवढं होऊ द्याले काय झालतं त्या लाईनमनले?"

"बैलाले घाई नाई, तुमालेच हाये. उरलेलं उद्या करू. चा घेता काय?"

"साखर कमी टाक."

"कमीच असते. तुमाले जास्त वाटते."

तिनं तोंडाला बांधलेलं फडकं सोडलं, दारात जाऊन झटकलं. भुवया पिवळ्या झाल्या होत्या, त्या तशाच ठेवून चुलीकडे गेली. एवढंच. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून काही केलं नाही. संध्याकाळी ती ओट्यावर अंबाडीची पानं खुडत बसली होती. छातीत कसंतरी होऊन राह्यलं म्हणाली अन् भिंतीला टेकली. शेजारच्या किसननं बंडी जुपायला घेतली, पण बैल जुवाखाली येईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर नाही, दवाखाना नाही. माझ्या बायकोचं मरण असं पानं खुडता खुडता झालं.

पोळा जवळ आला की मला हे सगळं पुन्हा करावं लागतं. आठवण येते असं लोक म्हणतात. येत नाही, ती कुठे गेलेलीच नसते. फक्त या दिवसांत काम तेच असतं, वास तोच असतो, म्हणून अंगाला जास्त लागतं. कपाशी गुडघ्याएवढी झालेली असते, निंदणाच्या बाया सांजच्याला चिखलाच्या पायांनी रस्त्यानं जातात, अन् लोक माझ्या दाराशी येऊन म्हणतात, मिस्तरी, औंदा आमच्या पोराले बैल पायजे. तेलगू माणसं मेस्त्री म्हणतात. मी हो म्हणतो. मला आता हो म्हणायचाही कंटाळा येतो, पण नाही म्हणायला त्याच्याहून जास्त बोलावं लागतं.

आमचं गाव तलमडुगूच्या बाजूला. आदिलाबाद जिल्हा, पण घरोघरी मराठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. नागपूरकडची रीत, आमच्या लोकांनी इकडे आणली. मोठ्यांचे खरे बैल आदल्या दिवशी मिरवून होतात, अन् मग लहान पोरं चाकाचे लाकडी बैल दोरीनं ओढत मारुतीच्या पारासमोर आणतात. बैलाच्या शिंगाला बेगड, पाठीवर झूल. कोणाचा बैल जास्त सजवलेला, कोणाचा जास्त चांगला, यावरून पोरं भांडतात, पोरांच्या माया त्यांच्याहून जास्त भांडतात. ते बैल मी करतो. बापाच्या काळी औत, वखर, बंडीची चाकं हेच सुताराचं काम. मग लोखंडी औतं आली. बैल राहिले, तेही लाकडाचे.

लाकडाचा बैल करणं सोपं आहे असं वाटतं. पाठ सोपी, वशिंड सोपं. बाहेरचा भाग रंध्यानं निघतो, कानशीनं निघतो. अडतं ते आतल्या बाजूला. पोटाखालचा बाक, मानेखालचा बाक, दोन पायांच्या मधली जागा. तिथे रंधा शिरत नाही. काडीला रेजमाल गुंडाळायचा अन् घासत बसायचं. रेजमाल म्हणजे तोच खरखरीत कागद, पॉलिशवाले वापरतात तो. पोळ्याच्या आधी माझ्या बोटांच्या शेंड्यांना कातडी राहत नसे. जेवताना मीठ झोंबायचं. ती भाकरी कालवून द्यायची अन् वर म्हणायची, "लोकाइच्या पोराइचे बैल गुळगुळीत, अन् माझा नवरा सोललेला."

गावात करंट आला त्याच्या काही वर्षांनी मी भैंशाला गेलो होतो. तिथं एका बंद पडलेल्या जिनिंगची मोडतोड विकायला काढली होती. त्यातून एक मोटर आणली अन् तिच्यावर खराद बसवली, लाकूड गोल करायला. खराद चांगली चालली. मग डोक्यात आलं, याच मोटरीला एक जोड लावावी. घराच्या मागच्या छपरीत लाकडी टेबल केलं, मधोमध भोक पाडलं, त्या भोकातून एक लोखंडी दांडा उभा वर काढला. दांड्यावर लाटण्याएवढा लाकडी रूळ, रुळावर रेजमाल चिकटवलेला. खालून पट्टा, पट्ट्याला मोटर. रूळ उभ्यानं फिरणार, आपण बैलाचं पोट त्याला लावायचं, आतला बाक निघणार. मी स्वतःवरच खूश होतो.

पहिल्याच बैलाचं पोट लावलं अन् घात झाला. रूळ एकाच जागी फिरतो. लाकडाचा चीक एकाच पट्ट्यावर बसतो, कागद काळा पडतो, जळका वास सुटतो, अन् लाकडात नांगराच्या तासासारखी घळ पडते. दुसरा बैल लावला, तेच. तिसरा लावला नाही. मोटरीला, कागदाला, भैंशाच्या त्या भंगारवाल्याला, सगळ्यांना शिव्या दिल्या. ती दारात उभी राहून पाहत होती.

"अवो, मुसळ उखळात नुसतं फिरवून ज्वारी कांडते काय कोनी?"

"तू आपल्या सैपाकाकडं पाय."

"पायतो. पण त्याले वर उचला, खाली सोडा. एकाच जागी घासाल तं माणसाचंबी कातडं जाते."

मी मोटर बंद केली अन् छपरीतून निघून गेलो. दुसऱ्या दिवशी तिच्या शिलाई मशीनचा सांगाडा ओढून आणला.

ती मशीन माहेरून आली होती. गावातल्या निम्म्या बायांचे पोलके तिनं शिवले. नजर कमी झाली तशी सुईत दोरा जाईना, मग मशीन कोपऱ्यात पडली. तिचं खालचं लोखंडी पायडल चांगलं होतं. मी त्याला एक सळई जोडली, सळईला एक लाकडी आडवं, म्हणजे आडवी पट्टी, अन् आडव्यावर रुळाचा दांडा ठेवला. चवडा दाबला की रूळ वर, टाच दाबली की रूळ खाली. पट्टा घसरू नये म्हणून खालचं चाक उंच केलं, म्हणजे दांडा वर गेला तरी पट्टा चाकावरच राहतो. हे सगळं करायला मला पोळ्यापर्यंतचा वेळ लागला अन् पुष्कळ लाकूड वाया गेलं. झालं तेव्हा कळलं की दोन्ही हातांनी बैल धरून, वाकून, डोळा बाकावर ठेवून, मला पायडल मारताच येत नाही. पाय चालला की हात हलतो.

"सरका," ती म्हणाली. तिपाई आणली, समोर बसली, पायडलवर पाय ठेवला. शिलाईत तिचा पाय इतकी वर्षं चाललेला. तिला काही सांगावं लागलं नाही.

त्या वर्षापासून आमचा पोळा असाच. जेवणं झाली की करंट यायचा, कधी यायचा नाही. यायचा तेव्हा दोघं छपरीत पळायचो. वर टिनाचं छप्पर, त्यावर श्रावणाची बुरबुर, आत मोटरीचा आवाज. शिवणीचा भुसा पिवळट, हलका, त्याला वास फारसा नसतो. कधी सागाचा तुकडा लावला की चामड्यासारखा कडक वास यायचा अन् ती नाक मुरडायची. "हे जंगलखात्याचं लाकूड नोका लावू, मले वासावरूनच जवान येऊन राह्यला असं वाटते." कागद गरम झाला की डिंकाचा वास. तिच्या केसांत, लुगड्याच्या घड्यांत, कणकेच्या डब्यात, सगळीकडे भुसा. एकदा भाकरीत आला. मी भाकरी झटकली, तर म्हणाली, "खा. तुमचंच हाये."

एकदा लाईनमन खांबावरून उतरून पाणी प्यायला आला. निजामाबादकडचा, मराठी येत नसे. आम्हाला समोरासमोर बसलेलं पाहून विचारलं, "ये क्या है मेस्त्री, चक्की है क्या?"

मी बोलायच्या आत ती म्हणाली, "चक्की नै बाबा. बैल का पेट घिसते. करंट मत काट, बैल भुका रैता."

तो हसून हसून खोकला. त्या पोळ्याला करंट बरा राहिला.

मोटरीच्या आवाजात बोललेलं नीट ऐकू येत नाही. तिला ते ठाऊक होतं. जे मागायचं ते ती मोटर चालू असतानाच मागायची. मी बाकाकडे पाहत मान हलवायचो. मोटर बंद झाली की म्हणायची, "मंग ठरलं." काय ठरलं? तर तिच्या भावाला दिवाळीला बोलवायचं ठरलं. न्हाणीला दार लावायचं ठरलं. राजूचं लग्न, आमच्या एकुलत्या पोराचं, सुनीताशी ठरलं तेही असंच. पोरगी भोकरची, बी.ए.ला बसलेली, अन् मी बैलाची मान घासत होतो. मागून मी म्हणालो, "मले इचारलं काऊन नाई?" तर म्हणे, "इचारलं. तुमी तीन बैलाइवर मान हालवली."

मी फार शिकलेला नाही. निजामाच्या काळात उर्दू शाळेत थोडे दिवस गेलो, मराठी अक्षरं नंतर तिच्याबरोबर, राजूच्या पहिलीच्या पुस्तकातून शिकलो. म्हणून नवराबायकोबद्दल शहाणे लोक काय लिहितात ते मला माहीत नाही. मला इतकंच सांगता येतं की रुळापाशी माझा अंगठा जास्त जवळ गेला की रूळ खाली जायचा. मी सांगत नव्हतो. ती बैलाकडे पाहत नव्हती, माझ्या अंगठ्याकडे पाहत होती. लाकूड कडक लागलं, गाठ आली, की तिचा पाय हळू व्हायचा. मऊ आलं की चालायचा. मी दम खायला थांबलो की पाय थांबायचा. आम्ही घरात रोज भांडलो. साखरेवरून, पोरावरून, तिच्या भावावरून. पण तिपाईवर बसून ती माझ्याशी कधी चुकली नाही.

मग तिचा गुडघा गेला. आधी कुरकुरला, मग सुजला. निंदणाला जाणं बंद झालं, तरी पायडल चालू. रोज सांजच्याला मी एरंडाची पानं गरम करून गुडघ्यावर बांधायचो अन् ती भिंतीकडे तोंड करून बसायची, म्हणजे मला तिचं तोंड दिसू नये. आदिलाबादच्या डॉक्टरनं सांगितलं, आराम द्या. तिनं डॉक्टरला सांगितलं, देतो. घरी आली अन् तिपाई झाडून बसली.

राजू आदिलाबादला वर्कशॉपमधे कामाला. तो त्या पोळ्याच्या आधी आला, बरोबर एक लोखंडी चकती घेऊन. चकतीचं भोक मधोमध नव्हतं, एका बाजूला होतं. "बाबा, हे आडव्याखाली बसवा. मोटरीवरून एक लहान पट्टा द्या. चकती फिरली की आडवं आपोआप वर, आपोआप खाली. माणूस नाई लागत." मी चकती हातात घेतली अन् मला आधी का सुचलं नाही म्हणून स्वतःचा राग आला. एवढी साधी गोष्ट. तिचा गुडघा वाचला असता. मी लगेच पाना शोधायला लागलो.

ती राजू गेल्यावर बोलली.

"नोका लावू."

"काऊन? दुखते ना तुले."

"दुखते तं दुखते. माझा गुडघा हाये."

"अवं, तू आरामात बसशील. ओट्यावर बस, देवळात जा."

"अन् तुमी इकडं एकटे घरघर करत बसान. मले त्या आवाजात एकटीले घरात करमते काय? मी काय करू, माशा मारू?" मग जरा थांबून म्हणाली, "मले त्या तिपाईवरून उठवू नोका."

मी ओरडलो. म्हणालो, पाय कापावा लागला मंजे कळन तुले. ती म्हणाली, कापा, तुमच्याच आरीनं कापा. दोन दिवस असं चाललं. मला तिला दुखू द्यायचं नव्हतं, तिला उठायचं नव्हतं. शेवटी तीच तडजोडीला आली. "हा पोळा माझ्या पायानं होऊ द्या. पोळा झाला की लावा तुमची चकती. मंग मी काई म्हननार नाई." मी बरं म्हणालो. मोटर बंद होती, त्या खेपेला मी ऐकून बरं म्हणालो.

त्या पोळ्याचे दिवस मी काम करताना लाकडाकडे कमी पाहिलं. ती दात आवळायची ते दिसायचं. मी मुद्दाम थांबायचो, पाणी प्यायचो, बिडी पेटवायचो. तिला कळायचं. "इतकी तहान कोठून आली बाप्पा?" म्हणायची. थांबून थांबून काम केलं म्हणून बैल मागे पडले. म्हणून त्या दुपारी पोटाची एक बाजू राहिली.

आता चकती आहे. चांगली चालते. एकसारखी वर, एकसारखी खाली. कागद जळत नाही, घळ पडत नाही, बैल झटपट होतात. सगळ्यांची पोटं एकसारखी येतात. लोकांना फरक दिसत नाही, अन् खरं सांगायचं तर फरक नाहीच. लाकूड चांगलं घासलं जातं. फक्त चकती अंगठ्याकडे पाहत नाही. दोनदा सोललो. गाठ आली तरी ती तशीच, मी थांबलो तरी ती तशीच. मोटर बंद करायला मलाच उठावं लागतं. संध्याकाळी छपरीतून बाहेर येतो तेव्हा अंग असं दुखतं जसं कोणी माझ्यावरच रूळ फिरवला. तरुणपणी औताचं काम करून इतका थकत नव्हतो. आता एका दुपारीत थकतो. समोर कोणी बोलत नसलं की मोटरीचा आवाज सगळा अंगावर येतो, हे मला माहीत नव्हतं. सुनीता चहा आणून ठेवते, तो गार होतो. तिला वाईट वाटू नये म्हणून मी गार चहाही पितो.

गावात लोक म्हणतात, बायको गेल्यावर मिस्तरीनं तेरवी केली, मग चकती लावली. तसं नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राजू अन् सुनीता पहिल्या बसनं आले. अंगणात बायका पाणी तापवत होत्या. किसन अन् बाकीचे बांबू कापत होते. राजू मायच्या पायाशी बसून रडत होता. मी ओट्यावर बसलो होतो. मला रडू येत नव्हतं, मला झोप येत होती. लाज वाटावी इतकी झोप. सुनीता माझ्याजवळ येऊन खाली बसली. पदरानं डोळे पुसले अन् माझ्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, "मामाजी, तुमी काळजी नोका करू. आमी आता इकडंच राहू. पुढच्या पोळ्याले मी बसत जाईन पायडलवर."

पोरीचं मन चांगलं. मी तिच्या पायाकडे पाहिलं. तरणा पाय, जोडवी घातलेला, न दुखणारा. ती खरंच बसली असती. चार दिवसांत शिकली असती. आणि मी समोर बैल धरून उभा राहिलो असतो, अन् हळूहळू मला तिचीही सवय झाली असती. मला हे त्या एका क्षणात सगळं दिसलं.

मी उठलो. छपरीत गेलो, पाना घेतला.

किसन मागून आला. "अरे, काय करून राह्यला? सुतक हाये. दहा दिवस हत्याराले हात लावत नाई सुतार, तुले सांगावं लागते काय?"

"जा तू. बांबू काप."

"लोकं काय म्हनतीन?"

"जा म्हणालो ना."

तो गेला नाही. दारात उभा राहिला. मी पायडलची सळई सोडली. तिथले बोल्ट गंजले होते, जोर लावावा लागला. पायडल ओढून बाजूला भिंतीशी उभं केलं. आडव्याखाली चकती बसवली, लहान पट्टा चढवला, आवळला. बाहेर बायकांनी तिला आंघोळ घालायला सुरुवात केली होती, पाणी ओतल्याचा आवाज येत होता. करंट नव्हता, म्हणून मी पट्टा हातानं ओढून चाक फिरवून पाहिलं. रूळ वर आला. खाली गेला. पुन्हा वर आला.

तिपाई उचलली अन् आत घरात नेऊन ठेवली, बसायला लागेल म्हणून, माणसं येत होती. मग रांजणावर जाऊन हाताचं वंगण धुतलं, साबण लावून धुतलं, नखांतलं काढलं. तोवर बाहेर तिची तयारी झाली होती. राजूनं मडकं धरलं. मी पुढच्या बाजूला गेलो, वाकलो अन् उजवा खांदा दिला.